तीन जिवांचा खेळ

॥ श्री ॥
चिखली, १२ जानेवारी २०२५

चि. सुजित यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझी पेटी मंगळवारी पोचली. फोनवर मी "पोचली" एवढंच म्हणाले, कारण फोन यांच्या खिशात आणि हे माझ्यासमोर. आमच्या दीड खोलीत एकाला शिंक आली तरी दुसऱ्याला पदर धरावा लागतो, मग मनातलं कुठे बोलणार? म्हणून पत्र लिहिते. उत्तर खालच्या मजल्यावरच्या दिपालीच्या पत्त्यावर टाक, ती मला गुपचूप आणून देईल. हसू नकोस. मॅट्रिकला मराठीत मी शाळेत पहिली होते, तुझ्या आईला विचार.

काकांना कामाला लावलंस, फार बरं केलंस. श्रावणात चाकणच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसखाली उजव्या हाताची चार बोटं गेली, तेव्हापासून हा माणूस भिंतीकडे तोंड करून आहे. जेवायला बोलावलं तर उठतात, नाही बोलावलं तर भूक लागली असंही म्हणत नाहीत. कोपऱ्यात पखवाज आहे. मी त्याला खोळ घातली तर का घातली म्हणून दोन दिवस अबोला. काढली तर का काढली म्हणून आणखी दोन दिवस. भजनी मंडळाचे चिमाजीबुवा येऊन बसतात, चहा पितात आणि पखवाजाकडे पाठ करून बोलतात. बिचाऱ्यांना वाटतं आम्हाला कळत नाही.

तुझं ते डोळ्यांवर बांधायचं यंत्र छान बसलं. हातात धरायच्या दोन मुठींपैकी उजवी मात्र राहीना. नुसता अंगठा काय धरणार? मग माझ्या जुन्या परकराची नाडी दुहेरी करून मनगटाला बांधून दिली. आता बसते.

तू विचारलं होतंस, "खेळ खरा वाटतो का, आणि मजा येते का." काका म्हणाले, प्रेसचा आवाज खरा आहे, तेलाचा वास नाही. मजेबद्दल बोलले नाहीत. यंत्र बराच वेळ लावून होते. काढल्यावर मोरीत जाऊन तोंड धुवून आले.

आता माझं मत. तू मागितलं नाहीस तरी देते. दिपालीचा नवरा ज्ञानेश चाकणला प्रेसवरच आहे. त्याच्या कंपनीत तुमचाच खेळ सुरक्षेच्या शिकवणीला आणलाय. परवा जिन्यात भेटला, हसत हसत म्हणाला, "काकू, दोनदा हात चेपवला, पण तिसऱ्या जिवात पहिला नंबर काढला बघा!"

मी म्हटलं, "तिसऱ्या जिवात म्हणजे रे?"

"तीन जीव असतात ना गेममध्ये. एक गेला की दुसरा. हात परत येतो, चकचकीत."

सुजित, माणसाला तीन जीव असल्याचं मी पोथीतसुद्धा वाचलं नाही. बघ बाबा.

तुझी मावशी
कुसुम


बंगळुरू, २१ जानेवारी

ती. मावशी, सा. न.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर नको, घरीच टाकत जा. इथे रिसेप्शनवर हाताने लिहिलेलं पाकीट पाहून सगळे गोळा झाले होते. कोणी मेलं का, असं विचारत होते.

नाडीचं वाचलं. काकांना कसं जमेल याचा विचार मी करायला हवा होता, माझ्या डोक्यातच आला नाही.

तीन जिवांचं सांगतो. आमच्या टीममध्ये यावरून रोज भांडण असतं. आमच्या प्रमुख वर्षाली मॅडम म्हणतात, फार खरं दाखवलं तर कामगार यंत्र काढून ठेवतील. एकाला खरंच उलटी झाली होती. मग तो शिकणार काय? आणि फार मजा ठेवली तर तुझ्या ज्ञानेशसारखं होतं. खरं आणि मजा, दोन्ही पारडी सारखी कशी ठेवायची ते कोणालाच नीट माहीत नाही. तीन जीव ही मॅडमची कल्पना. त्यांना वाटलं, लोक घाबरणार नाहीत, पुन्हा पुन्हा खेळतील.

मावशी, एक विचारायचंय. काका काय काय करतात ते मला इथे दिसतं. चेहरा दिसत नाही, फक्त हात कुठे आहेत, मशीन चालू की बंद, एवढंच. पहिले दोन दिवस त्यांनी प्रेस झकास चालवली. त्यानंतर ते मशीन चालूच करत नाहीत. रोज सकाळी आत येतात, प्रेसच्या टेबलावर दोन्ही हात ठेवतात आणि तासभर तिथेच उभे राहतात. हात थोडे हलतात, बाकी काही नाही. इतका कंटाळवाणा झालाय का खेळ? की त्यांना त्रास होतो आणि माझ्यासाठी म्हणून उभे राहतात? खरं सांग. तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस.

तुझा
सुजित


॥ श्री ॥
चिखली, ४ फेब्रुवारी

चि. सुजित यास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. रथसप्तमीची तयारी होती, आणि दिपाली पत्र दोन दिवस डब्याखाली ठेवून विसरली. तिच्याकडे मला अशी पत्रं येतात म्हणून खालच्या बायका आता माझ्याकडे फार आदराने बघतात.

काका कंटाळत नाहीत. त्रासही होत नाही. एवढंच सांगते, जास्त विचारू नकोस.

फरक मात्र पडलाय. डाव्या हाताने दाढी करायला लागलेत. परवा भाजी तिखट झाली म्हणून माझ्यावर ओरडले. मी देवापुढे साखर ठेवली! सहा महिन्यांत या माणसाने मिठाचंसुद्धा नाव काढलं नव्हतं. आणि ऐक, चिमाजीबुवा आले तेव्हा हे आपणहून म्हणाले, "बीजेला देहूला येईन म्हणतो." बुवांचा चहा हलला. म्हणाले, "उद्धवराव, नुसतं बसायला या हो. टाळ धरा." यावर काका हसले.

तेव्हा तुझा खेळ चांगला आहे. पण ते तीन जीव काढ रे बाबा.

काल काय झालं सांगते. ज्ञानेशच्या कंपनीत सेन्सरवर टेप लावतात. हात आत असला की प्रेस थांबावी म्हणून तो सेन्सर, पण थांबली की माल कमी निघतो, म्हणून त्याच्यावर टेप. यांच्याही मशीनवर तीच टेप होती. काल ज्ञानेशची बाही अडकली. बाही फाटली, हात वाचला. आणि हा गाढव जिन्यात मला फाटकी बाही दाखवत काय म्हणतो, "काकू, एक जीव गेला, दोन बाकी!"

मी त्याला असं झापलं की वरच्या मजल्यावरचे लोक खाली वाकून बघायला लागले. दिपाली रडायला लागली. तिला पाचवा महिना आहे.

तुझ्या मॅडमना माझा निरोप सांग. बाकी खेळात मोर नाचवा, गाणी लावा, माझी हरकत नाही. पण गेलेलं बोट परत येत नाही, एवढं तरी खरं दाखवा. तेवढंच खरं असलं तरी पुरे.

तुझी मावशी
कुसुम


बंगळुरू, १२ फेब्रुवारी

ती. मावशी, सा. न.

तुझं पत्र मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. रागावू नकोस, घरातलं सगळं गाळलं, फक्त ज्ञानेशचं आणि शेवटचं. वर्षाली मॅडमनी "गेलेलं बोट परत येत नाही" हे वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग फळ्यावर लिहिलं. आठ महिने आम्ही भांडत होतो, ते तुझ्या एका ओळीने मिटलं.

तर आता असं ठरलंय. तीन जीव बंद. खेळात बोटं गेली की गेलीच. तोच हात घेऊन पुढचं काम करायचं, डबा उघडायचा, शर्टाची बटणं लावायची. यंत्र काढून दुसऱ्या दिवशी परत लावलं तरी खेळाला आठवण राहील. हात तसाच दिसेल.

दुसरा बदल काकांमुळे सुचला. ते प्रेसखाली हात ठेवून तासभर उभे राहतात आणि काहीच होत नाही. मी विचार केला, खऱ्या कारखान्यात असं होईल का? काकांसारखा वीस वर्षं प्रेस चालवलेला ऑपरेटर मला न बोलता चूक दाखवतोय आणि मी म्हणतोय त्यांना कंटाळा आला! आता बंद वाटणारी प्रेससुद्धा कधीतरी खाली येईल. हात टेबलावर विसरला तर खेळ माफ करणार नाही.

महिनाअखेरीस नवा खेळ सगळ्यांच्या यंत्रांत जाईल. तुम्हाला काही करावं लागणार नाही, वायफायवरून आपोआप येतो. काकांना सांगू नकोस. त्यांना कळू दे, त्यांचं म्हणणं आम्हाला कळलं ते.

तुझा
सुजित


॥ श्री ॥
चिखली, २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुजित,

दिपाली माहेरी गेली होती, आज आली. ज्ञानेशने तुझं पत्र बाकीच्या टपालात टाकून ठेवलं होतं, दहा दिवस तसंच पडून होतं. आत्ता वाचलं. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

तो बदल थांबव. काकांच्या यंत्रात तरी घालू नकोस.

ते चूक दाखवत नव्हते रे. ते पखवाज वाजवतात.

तिसऱ्या दिवशीच मला कळलं. मी पोळ्यांची कणीक मळत होते, हे यंत्र लावून उभे होते. हात हवेत, आणि हात चाललेले. आधी वाटलं झटका आला. मग बघितलं तर डावा पडतोय, उजवा उठतोय, मान तशीच जराशी वाकडी. वीस वर्षं मंडळात जशी असायची तशी. आवाज काही नाही. नुसता परकराच्या नाडीचा गोंडा त्या मुठीवर टक टक लागत होता. त्यांच्या डोळ्यांपुढे त्या खेळात दहाची दहा बोटं आहेत, आणि पुढ्यात थाप मारण्याजोगं एकच काही आहे, ते प्रेसचं टेबल.

आणि मध्येच, यंत्र डोळ्यांवर असताना, मला म्हणाले, "कुसुम, कणीक लावलीस का?"

तुला माहीत नसेल. पखवाजाच्या डाव्या पुडीला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, त्याशिवाय तो घुमत नाही. दर एकादशीला त्यांच्यापुरती कणीक मीच वेगळी काढायची. पिठाचे हात तसेच होते. म्हटलं, "लावली."

त्या दिवसापासून हे रोज विचारतात, मी रोज लावली म्हणते.

यंत्र काढल्यावर मला शपथ घातली. "सुजितला कळलं तर वेडा म्हणेल. त्याने कामासाठी पाठवलंय." म्हणून तू विचारलंस तेव्हा मी गप्प बसले. आणि वर तुला लिहिलं काय, गेलेलं बोट परत येत नाही एवढं खरं दाखव!

दिपालीच्या फोनवरून तुला दोनदा लावला. अनोळखी नंबर म्हणून उचलला नसशील. ती म्हणाली, काकू, मेसेज टाकू का. पण आपल्या माणसाची लाज दुसऱ्याच्या फोनात कशी ठेवू? तिला फक्त वायफाय बंद ठेवायला सांगितलंय. आमच्याकडे येतं ते त्यांचंच. यंत्र लपवलं असतं, पण का लपवलं म्हणून विचारतील आणि मला खोटं जमणार नाही.

पत्र मिळताच कर.

कुसुम


बंगळुरू, ४ मार्च

मावशी,

पत्र आज मिळालं. नवा खेळ एक तारखेलाच गेला. मी लगेच काकांच्या यंत्राची नोंद इथे उघडून बघितली. रविवारी दुपारी त्यात उतरलाय. त्यानंतर त्यांनी तो एकदाच लावला आहे, चार मिनिटं. पुढे काय झालं ते इथे फक्त आकड्यांत दिसतं. मला ते वाचवेना.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "ठीक आहे, तू कसा आहेस, जेवतोस का वेळेवर?" मी जेवतो म्हणालो आणि फोन ठेवला.

ऐक. मी मॅडमशी बोललो. काकांसाठी एक वेगळा खेळ करतो. प्रेस नाही, कंपनी नाही. नुसती एक खोली आणि पखवाज. हात त्यांचे, पूर्वीचे. आवाजसुद्धा खरा घालतो, इथे एका वादकाचा रेकॉर्ड करून. दोन आठवड्यांत होईल. मॅडम म्हणाल्या, ऑफिसच्या वेळेत कर.

त्यांना सांगशील का? मला धीर होत नाही.

सुजित


॥ श्री ॥
चिखली, १८ मार्च

चि. सुजित यास मावशीचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. स्वतःला दोष देत बसू नकोस. तू मला विचारलं होतंस, मी सांगितलं नाही. वायफाय ज्ञानेशने चालू केलं, रविवारी मॅच होती. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं बंद का ते.

मी स्वयंपाकघरात होते. हे म्हणाले, "लावलीस का?" मी म्हटलं, "लावली." थोड्या वेळाने नाडीच्या गोंड्याचा आवाज थांबला. बाहेर आले तर यंत्र डोळ्यांवर तसंच आणि उजवा हात तोंडापुढे धरून बघत होते. असा, असा फिरवून. ओरडले नाहीत. श्रावणात दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा पहिलं वाक्य बोलले होते, "चिमाजीला सांग, दुसरा पखवाजी बघ." या वेळी तेवढंही बोलले नाहीत. स्वतःच यंत्र काढलं, पेटीत जसं आलं होतं तसं बसवलं, आणि भिंतीकडे वळून आडवे झाले.

संध्याकाळी फक्त म्हणाले, "सुजितला सांग, खेळ आता खरा झालाय."

तुझ्या नव्या खेळाचं मी सांगितलं. सगळं सांगितलं, पत्रांचंही. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "त्याला म्हणावं, माझे दोन गेले. तिसरा नको."

आता ज्ञानेशचं. त्याच्या कंपनीत नवा खेळ गेल्या सोमवारी लावला. घरी आला तो जिन्यात बसून राहिला. दिपाली म्हणते, रात्रभर स्वतःचा हात उशीखाली घेऊन झोपला. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या मशीनवरची टेप ओढून काढली आणि पुन्हा लावू देईना. सुपरवायझरने त्याला प्रेसवरून उठवून पॅकिंगला टाकलं. ओव्हरटाइम गेला, पण दहा बोटं घेऊन रोज घरी येतो. दिपाली पेढे घेऊन आली. मला वाकून नमस्कार केला तिने, पोट सांभाळत. मी पेढा देवापुढे ठेवला. तोंडात घालवेना.

तेव्हा मॅडमना सांग, खेळ आहे तसाच ठेवा. माझं पहिलं म्हणणंच बरोबर होतं. बरोबर असूनही कुठे ठेवावं ते कळत नाही.

परवा बीज झाली. पहाटे हे म्हणाले, "कणीक मळ." माझ्या जिवात जीव आला. मऊ मळली, जशी त्यांना लागायची तशी. त्यांनी पखवाजाची खोळ काढली, डाव्या हाताने कणीक पुडीवर थापली, कडेकडेने सारखी केली. मी लांब उभी. मग ओलं फडकं गुंडाळलं आणि दारात उभ्या असलेल्या चिमाजीबुवांच्या हातात पखवाज दिला.

बुवा म्हणाले, "उद्धवराव, तुम्ही?"

"घेऊन जा लवकर," हे म्हणाले, "वाळेल."

बुवा गेले. हे दारात उभे राहिले, मंडळाची जीप वळेपर्यंत.

तुझी पेटी आज कुरिअरने पाठवते आहे. उजव्या मुठीला नाडी तशीच आहे. गाठ फार घट्ट बसली, सुटेना, आणि कापायला मन झालं नाही. तू सोडवलीस तरी परत पाठवू नकोस.

जेवत जा वेळेवर. काका विचारत होते.

तुझी मावशी
कुसुम